बारावी बायोलॉजीतला आरोग्य आणि रोगांचा धडा पाठ होतो, पण लिहिताना सगळं मिसळतं. अभ्यास कसा करू?

तू लिहिलंयस की कळमनुरीजवळच्या खेड्यात राहतेस, क्लास लावलेला नाही, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं आणि आता बारावी सायन्सचं सगळं इंग्रजीत. ‘ह्युमन हेल्थ अँड डिसीजेस’ हा दहावा धडा पाठ होतो, पण लिहायला बसलं की मलेरियाचं टायफॉईडला जातं आणि टायफॉईडचं अमिबाला. मी परभणी जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. हुशार मुलीही या धड्यात अडकताना बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकात प्रत्येक रोगाखाली साचा तोच: जंतू, प्रसार, लक्षणं, निदान, प्रतिबंध. ओळीने घोकलं की सगळे रोग एकसारखे दिसायला लागतात. म्हणून नावं थोडी बाजूला ठेव आणि आधी जंतूची वाट धर. तो बाहेर कुठे होता, अंगात कुठून शिरला, कुठल्या अवयवात राहिला, तिथे काय बिघडलं आणि दुसऱ्या माणसाकडे कसा पोचला? लक्षण त्या बिघाडातूनच येतं, आणि प्रतिबंध म्हणजे ती वाट कुठे अडवायची ते. मग ही दोन्ही वेगळी पाठ करावी लागत नाहीत.

मलेरियाचंच घे. डासाच्या लाळेतून स्पोरोझोइट (मलेरियाच्या परजीवीचं माणसात शिरणारं रूप) रक्तात येतात, यकृतात जाऊन वाढतात, तिथून बाहेर पडून तांबड्या पेशींत शिरतात. त्या पेशी फुटतात तेव्हा हिमोझॉइन हे विषारी द्रव्य बाहेर पडतं आणि हुडहुडी भरून ताप चढतो. मलेरियाच्या व्हायव्हॅक्स प्रकारात हे साधारण 48 तासांनी होतं, म्हणून ताप एक दिवसाआड येतो. परजीवी रक्तात सापडतो, म्हणून बोटातून रक्त घेऊन काचपट्टी करतात. उरला डासातला प्रवास. 20 ऑगस्ट 1897 ला रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनाफिलीस डासाच्या पोटात हा परजीवी दिसला, तो सिकंदराबादला. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं आणि आपला मराठवाडाही त्याच राज्यात. 1902 चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. वर्गात हे सांगताना मला दर वेळी उमेद येते.

जंताचा प्रवास तर मुली एकदा ऐकून विसरत नाहीत. अस्कॅरिस या गोल जंताची अंडी मातीतून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. अळ्या आतड्यात बाहेर पडतात, रक्तातून यकृतात, मग फुप्फुसात जातात, श्वासनलिकेतून वर घशात येतात, पुन्हा गिळल्या जातात आणि परत आतड्यात येऊन मोठ्या होतात. जंत पोटात, मग खोकला का, हे आता वेगळं सांगायला नको. शाळेत 10 फेब्रुवारीला अल्बेंडाझोलची गोळी देतात ती यासाठीच.

तीन डास वेगळे ठेवायचे असतील तर घराभोवती एक फेरी मार. तुंबलेल्या गटारात क्युलेक्स: हत्तीरोग. विहीर, तळं, शेतातलं साचलेलं स्वच्छ पाणी: अ‍ॅनाफिलीस, मलेरिया. रांजण, हौद, कूलर, जुनं टायर: एडिस, डेंग्यू. आपल्याकडे नळ रोज येत नाही, पाणी साठवावंच लागतं, म्हणून एडिस घरातच वाढतो. हत्तीरोगाचे मायक्रोफायलेरिया, म्हणजे त्या जंताची पिल्लं, रात्री रक्तात जास्त सापडतात, म्हणून ती तपासणी रात्री करतात. नांदेडकडे नातेवाईक असतील तर विचार, रात्री रक्त घ्यायला आलेले आरोग्य कर्मचारी कुणीतरी पाहिलेले असतील.

खरा वेळ दे तो रोगप्रतिकारशक्तीच्या भागाला. समजून घ्यावं असं यात सगळ्यात जास्त आहे, आणि मुली नेमका हाच भाग शेवटी ठेवतात. गावातल्या आशाताईंकडे किंवा लहान बाळ असलेल्या वहिनींकडे लसीकरणाचं कार्ड असतं, ते मागून बघ. जन्मानंतर बीसीजी, 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस), 9 महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस. हे सगळं सक्रिय प्रतिकारशक्तीचं. तेच बाळ आईचं पहिलं चिकाचं दूध पितं, त्यातून आयजीए प्रकारच्या अँटीबॉडी (जंतूंशी लढणारी प्रथिनं) तयार मिळतात, ही निष्क्रिय. आता कुत्रा चावून खोल जखम झाली तर? दवाखान्यात लस देतात आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटीबॉडी) टोचतात. लसीवर शरीर स्वतः अँटीबॉडी बनवतं, त्याला दिवस लागतात. तोवरची मधली फट तयार अँटीबॉडी भरून काढतात. एकाच माणसात दोन्ही प्रकार. साप चावल्यावर मात्र वाट बघायला वेळच नसतो, म्हणून घोड्याच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटीबॉडी देतात. ही दोन उदाहरणं कारणासकट लिहिता आली की सक्रिय-निष्क्रिय फरकाचा तक्ता पाठ करायची गरज नाही.

रक्तगट आणि आरएच याच भागाला जोडून वाच, कारण तिथेही गोष्ट अँटीजेन (शरीराला परका वाटणारा पदार्थ) आणि अँटीबॉडीचीच आहे. कॅन्सर आणि व्यसनांच्या भागाला दोन शांत वाचनं पुरतात.

इंग्रजीची भीती मोठी वाटते, मला माहीत आहे. आधी आईला किंवा आजीला रोगाची वाट मराठीत सांग. जिथे अडखळशील तिथे इंग्रजी कच्चं नाही, धडा कच्चा आहे. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर तीच वाट बाणांनी काढ आणि प्रत्येक बाणाला एक छोटं इंग्रजी वाक्य लिही. लांब वाक्यांना जादा गुण नसतात. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने तोच कागद पुन्हा कोरा घे. पुन्हापुन्हा वाचत राहिलं की येतंय असं वाटतं. आठवून लिहिलं तरच ते खरं आहे का ते कळतं. रंगीत पेनांनी नोट्स सजवण्यात रात्री घालवू नकोस, कळकळीने सांगते.

पेपर 70 गुणांचा. 18 गुण एकेका गुणाच्या प्रश्नांना, बाकी 2, 3 आणि 4 गुणांचे. 2 गुणांना दोन मुद्दे लिहून थांबायचं. अँटीबॉडीच्या वाय आकाराच्या आकृतीत दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या आणि डायसल्फाइड बंध दाखव, नावं एका बाजूला लिही. शास्त्रीय नावातल्या दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मार. पहिल्याचं पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान. ही सवय सरावाच्या कागदापासूनच लाव.

आधी मलेरियाचा कागद काढ, आणि कुठे अडलं ते इथेच खाली लिही. मी बघेन.