राखीव जोडीने दार सोडायचं नाही

चिरंजीवा,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आग विझवायला सगळे धुरात आणि तुला बीए सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क, चढवून दाराशी उभं केलं, पोरं ‘दरवान’ म्हणून चिडवतात. म्हणून विचारतोस, राखीव जोडीत घातलं म्हणजे आपण कमी पडलो का? अरे, आपलाच माणूस आत अडकला तर त्याला गाठणारा तूच. राखीव जोडीने दार सोडायचं नाही.

अमेरिकेत फीनिक्सला मार्च २००१ मध्ये सुपरमार्केटच्या आगीत ब्रेट टार्व्हर हा जवान वाट चुकला, हवा संपली आणि गेला. नंतर तिथल्या अग्निशमन दलाने रिकाम्या इमारतींत पुन्हा पुन्हा सराव करून मोजलं. एकाला काढायला सरासरी १२ जण आणि साधारण २१ मिनिटं लागली. सोडवायला गेलेल्या पाचांतला एक स्वतःच अडचणीत आला. आता दोघांचा हिशेब तूच मांड. पहिल्या जोडीने त्याला गाठायचं, त्याच्या गेजवर हवा किती उरली ते बघायचं, हवा पुरवायची, जागा कळवायची. ओढायला मागून माणसं येतात. पण जोडीच पाण्याचा होज ओढू लागायला गेली, तर गाठणार कोण?

हे लोकांच्या डोक्यात का शिरत नाही, देव जाणे!

अमेरिकेतच वूस्टरला डिसेंबर १९९९ मध्ये आग लागलेल्या जुन्या शीतगृहात दोघे वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी चौघे परतले नाहीत. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने दारात आडवं उभं राहून बाकीच्यांना अडवलं. मीही एका गोदामाच्या आगीत जोडी अशीच अडवून धरली होती. आतले दोघे आपल्या पायांनी बाहेर आले, तरी माझ्याच तुकडीने माझ्याशी अबोला धरला. ‘साहेब घाबरले’ म्हणत होते. म्हणू देत. आतून हाक आली असती तर धावायला भरल्या सिलिंडरचे दोघे माझ्यापाशी होते. आजही तेच करीन.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, ताकदीचा. तू बारीक आहेस, पण तिथे दंड कमी आणि बोटं जास्त लागतात. पडलेल्याच्या सेटचा कंबरपट्टा सोडायचा, त्याच्या दोन पायांमधून घ्यायचा, बकल पुन्हा लावायचं. हे न करता नुसते खांद्याचे पट्टे धरून ओढलंस, तर सेट डोक्याकडे सरकतो, मास्क निघायला बघतो आणि उरलीसुरली हवाही जाते. ड्रिलमध्ये पोरं हीच पायरी गाळतात, कारण मैदानात उजेड असतो आणि पडलेला मित्र हसत हसत स्वतःच पाय उचलून देतो. त्याला म्हणावं, मेल्यासारखा पड.

पुढच्या महिन्यात येतोय. तोवर डोळ्यांवर पट्टी बांधून, दोन्ही हातांत मोजे घालून ते बकल लावायला शीक. मोजे काढून लावलेलं मी धरणार नाही. आणि पुन्हा कुणी दरवान म्हणालं तर भांडत बसू नकोस, त्यालाच जमिनीवर आडवा पाडून सराव कर.

तुझा,
जुना मास्तर