नेवाडा-कॅलिफोर्नियातली वाळवंटी खोरी आणि कोरडी तळी एकट्याने गाडीने फिरायची असतील तर काय तयारी लागते?

सॅन होजेहून ऑक्टोबरअखेर निघणार, हाताशी आठवडा, स्वतःची क्रॉसओव्हर (छोटी, शहरी एसयूव्ही) आणि सोबत कुणी नाही, असं तुम्ही लिहिलंय. कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली, तिथलंच रेसट्रॅक हे कोरडं तळं आणि उत्तर नेवाडातलं ब्लॅक रॉक हे मोठं कोरडं तळं, ही यादी चांगली आहे, दिवसही योग्य निवडलेत. तुमचा प्रश्न मुख्यतः उन्हाबद्दल आहे, पण त्या दिवसांत ऊन सोसण्याजोगं असतं. या भागात गाडी खोळंबते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी: फाटलेला टायर आणि चिखल. ओढून काढायला मागे दुसरी गाडी नाही, हे धरूनच सगळं ठरवा.

आधी चिखलाचं. या खोऱ्यांतलं पाणी समुद्राला मिळत नाही. डोंगरांवरून उतरतं, खोऱ्यात साचतं आणि तिथेच आटतं. मागे उरतो बारीक गाळ, चिकणमाती आणि मीठ. पुरता वाळला की हा तळ इतका टणक आणि सपाट होतो की १९९७ साली ब्लॅक रॉकवर थ्रस्ट एसएससी ही गाडी ध्वनीच्या वेगापुढे गेली. पण तळं वरून वाळत जातं. वर पांढरी कोरडी खपली आणि बोटभर खाली लोणी, अशी अवस्था पावसानंतर बरेच दिवस टिकते. खपली माणसाचं वजन पेलते, दीड टनाची गाडी पेलत नाही.

म्हणून गाडी काठावर उभी करा आणि आधी शंभर-दीडशे पावलं चालून या. टाच जोरात आपटा. नुसती धूळ उडाली तर ठीक. टाचेचा ठसा उमटला किंवा माती बुटाला चिकटली तर परत फिरा. फावड्याने वीतभर खणून बघा, खालची माती गडद आणि मळता येण्यासारखी असेल तरी परत फिरा. रंग बदलतो तिथे विशेष जपा. डोंगरातून येणारे कोरडे ओढे जिथे तळ्यात उतरतात तो काठ बहुधा सर्वांत दगाबाज असतो, मधला भाग कडक असला तरी. आत गेल्यावर रुळलेल्या चाकोरीतूनच चला आणि एकदम ब्रेक किंवा वळण टाळा. रात्री तळ्यावर गाडी नकोच. दिव्यांच्या उजेडात ओल कळत नाही आणि अंतराचाही अंदाज येत नाही.

चाकं रुतायला लागली की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. इथेच लोक चुकतात: चाक फिरवत राहतात आणि गाडी पोटावर बसते. उतरून चारही टायरांची हवा १५ पीएसआयपर्यंत सोडा, चाकांमागची माती काढा, रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाला पकड देणाऱ्या खडबडीत फळ्या) चाकांखाली सरकवा आणि ज्या खुणांवरून आत आलात त्याच खुणांवरून उलटे बाहेर या. कडक जमिनीवर आल्यावर बारा व्होल्टच्या कंप्रेसरने हवा भरा, तोवर वेग अगदी कमी ठेवा. जॅकखाली घालायला फूटभर चौरस जाड प्लायवूड हवंच. नाहीतर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच जमिनीत जातो. विंचवर (गाडीला दोराने ओढून काढणाऱ्या यंत्रावर) भिस्त ठेवू नका, तळ्यावर दोर बांधायला झाड नसतं.

हे सगळं ब्लॅक रॉकसाठी. तिथे कोरड्या तळ्यावर गाडी नेता येते. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात रस्ता सोडून गाडी नेणं बेकायदा आहे, एकाही तळ्यावर चालत नाही. बॅडवॉटर हा समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवरचा मिठाचा तळ पायीच बघायचा.

रेसट्रॅकला तुमची क्रॉसओव्हर नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. युबेहेबी विवरापाशी डांबरी रस्ता संपतो आणि पुढे २७ मैल पन्हाळी पत्र्यासारखा खडखडाट आणि धारदार खडी. जायलाच दीड-दोन तास लागतात, फोनला रेंज नाही. शहरी टायरांच्या बाजू पातळ असतात, तिथे चीर पडली की पंक्चर किटचा उपयोग नसतो. आतून टो करून आणायचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. डेथ व्हॅलीतल्याच फर्नेस क्रीकला जाड टायरांची जीप एका दिवसासाठी भाड्याने मिळते, ती घ्या. साधी भाड्याची गाडी नको. करारात बहुतेक वेळा कच्चा रस्ता वर्ज्य असतो आणि विमा हात वर करतो. रेसट्रॅकवर आपोआप सरकणारे दगड आहेत, त्यांचं कोडं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांतून सुटलं: उथळ पाण्यावरचे काही मिलिमीटर जाडीचे बर्फाचे पत्रे हलक्या वाऱ्याने दगडांना ढकलतात. जमीन ओली असेल तर पाऊलही टाकू नका, ठसे वर्षानुवर्षं राहतात. दगड तर हलवूच नका.

स्वतःच्या गाडीची स्टेपनी आजच बाहेर काढून बघा. बऱ्याच क्रॉसओव्हरमध्ये बारीक, तात्पुरतं चाक असतं; पूर्ण मापाचं मागवा आणि त्यात हवा आहे ना बघा. चाकांना कुलपी नट असतील तर त्याची चावी गाडीतच हवी. ती घरी राहिली तर स्टेपनी असून नसल्यासारखी. साध्या कच्च्या रस्त्यावर हवा दारावरच्या स्टिकरपेक्षा पाच-सहा पीएसआयने कमी ठेवा. त्याहून उतरवली तर टायरच्या बाजू फुगून खडीला लागतात.

टाकी अर्धी झाली की भरा. डेथ व्हॅलीत पेट्रोल मिळतं पण महाग, उद्यानाबाहेरच्या लोन पाइन किंवा बीटी या गावी भरलेलं बरं. ब्लॅक रॉकसाठी फर्नलीला टाकी भरा. तिथून ब्लॅक रॉकलगतच्या गर्लाक गावापर्यंतचा रस्ता ओसाड आहे. डेथ व्हॅलीकडे येताना पॅनामिंट खोऱ्यातून टाउन पास या घाटाची चढण सुमारे ५,००० फुटांवर जाते. इंजिनचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करा, उतरताना गिअर खालचा ठेवा, नाहीतर ब्रेक तापतात.

पाणी माणशी दिवसाला किमान चार लिटर, वर दोन दिवसांचं राखीव. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा आणि कागदी नकाशाही घ्या. जीपीएस इथे वर्षानुवर्षं न वापरलेल्या वाटाही दाखवतं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र एकट्यासाठी चैन नव्हे. घरच्या एका माणसाला रोजचा मार्ग आणि ‘इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शेरीफला (तिथल्या पोलिसांना) फोन कर’ अशी ठाम वेळ द्या. गाडी बंद पडली तर तिच्याजवळच थांबा, बॉनेट उघडं ठेवा. वरून माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. १९९६ च्या जुलैत चार जर्मन पर्यटकांची व्हॅन डेथ व्हॅलीतल्या अँव्हिल कॅन्यनमध्ये रुतली, ते पायी निघाले. अवशेष सापडायला २००९ उजाडलं.

ब्लॅक रॉक शेवटी ठेवा आणि आठवडाभराचा पाऊस बघूनच तिथे जायचं की नाही ठरवा. २०२३ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला पावसामुळे तिथे बर्निंग मॅन या महोत्सवाला आलेले हजारो लोक अडकून पडले होते. घरी आल्यावर गाडीचं पोट आणि चाकांच्या आतली बाजू भरपूर पाण्याने धुवा, क्षार लोखंड खातात. एअर फिल्टरही काढून बघा. जाताना सिएरा नेवाडा डोंगरातला टायोगा पास हा घाट बर्फाने बंद झाला असेल तर बेकर्सफील्डवरून जा.