केसांचा रंग आणि डोळ्यांचा रंग, यांचं कोरिलेशन कसं काढायचं?
रंगांना १, २, ३ कोड देऊन पिअर्सनचा r (आकड्यांमधला सरळ रेषेतला संबंध मोजणारं माप) काढू नका हो, कोडचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, काय अर्थ आहे त्याला! क्रॉसटॅब करा (केसांचे रंग रोमध्ये, डोळ्यांचे कॉलममध्ये, असा मोजणीचा तक्ता), काय-स्क्वेअर काढा (संबंध नसता तर आले असते त्या आकड्यांपासून खरे आकडे किती दूर आहेत त्याचं माप) आणि त्यावरून क्रेमरचा V (0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). आर (R) या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये हेअरआयकलर (HairEyeColor) नावाचा डेटा आयताच आहे, 592 विद्यार्थ्यांचा. त्यात सोनेरी केसवाले 127, संबंधच नसता तर त्यातले साधारण 46 निळ्या डोळ्यांचे निघाले असते, निघालेत 94. काय-स्क्वेअर 138.29 येतो, पण सँपल वाढला की तोही फुगतो म्हणून नुसता तो बघून हुरळून जायचं नाही, त्याला 592 गुणिले 3 ने भागा (3 म्हणजे रो-कॉलममधली लहान संख्या वजा 1, इथे दोन्ही 4 आहेत) आणि वर्गमूळ घ्या, V साधारण 0.28. म्हणजे संबंध आहे, मध्यम म्हणता येईल.