ग्राहक ‘असं का करतेस?’ विचारते तेव्हा
अगं, जेल नेलपॉलिशचं काम करताना ग्राहकाने प्रश्न विचारला म्हणजे तिचा तुझ्यावर विश्वास नाही, असं धरू नकोस. नखं तिची आहेत, ती विचारणारच. नवीन मुली इथे दोन चुका करतात: घाबरून पद्धत बदलतात, नाहीतर ‘मी अजून शिकतेय’ म्हणत माफी मागत बसतात. त्यापेक्षा एका वाक्यात कारण सांग.

- ‘जेल त्वचेला लागू देत नाही, लॅम्पखाली पक्कं न झालेल्या कच्च्या जेलने अ‍ॅलर्जी होऊ शकते.’
- ‘जुनं जेल खरवडून ओढत नाही, त्याने नखाचा थरही निघतो. अ‍ॅसिटोनने मऊ होऊ दे.’

उत्तर सुचलं नाही तर तिच्यासमोरच शिकवणाऱ्या ताईंना विचार, त्यात कमीपणा नाही. ग्राहक घाई करू लागली तरी जेल पक्कं करणाऱ्या लॅम्पखालचा वेळ कमी करायचा नाही. मात्र ‘चटका बसतोय’ म्हणाली, तर समजावत बसू नकोस, लगेच हात बाहेर काढायला सांग.