सर्व्हिसिंगहून घड्याळ आलं, पण ते आमचं वाटेना

प्रश्न: वडिलांचं जुनं ऑटोमॅटिक घड्याळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिलं होतं. परत आलं ते चकाचक, पण डायल आणि काटे नवीन, केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडा घासून गोल केलेल्या आणि वर दिवसाला दीड मिनिट पुढे पळतंय. आता काय करू?

उत्तर: वाचूनच फार वाईट वाटलं हो. आधी डायलचं बघा, कारण तिथे वेळ कमी आहे. जुन्या घड्याळाची किंमत बरीचशी मूळ डायल आणि काट्यांतच असते, म्हणून काढलेले पार्ट स्क्रॅप करू नका आणि मला परत द्या असं आजच्या आज लेखी कळवा. काही कंपन्या जुने पार्ट देत नाहीत, तरी मागायचंच. जॉबशीट नीट वाचा, तुम्हाला न विचारता बदललं असेल तर तिथेच तुमची बाजू भक्कम होते, देण्याआधीचे फोटो असतील तर तेही जोडा.

पळण्याचं बहुतेक सुटेल. एकदम एवढं पुढे जात असेल तर पहिला संशय चुंबकत्वाचा, हेअरस्प्रिंगचे, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटतं, डीमॅग्नेटाइज करायला काही मिनिटं पुरतात. नाहीच सुधारलं तर टाइमग्राफरचं, म्हणजे चाल मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग मागा, रेट (दिवसाला किती सेकंद पुढे-मागे) आणि अँप्लिट्यूड (आतलं बॅलन्स चाक किती अंश फिरतं) दोन्ही, आणि सर्व्हिस वॉरंटीत पुन्हा उघडायला लावा.

कडांचं मात्र अवघड आहे. घासलेला धातू परत येत नाही, लेझर वेल्डिंगने भर घालता येते पण ते काम फार थोड्यांना जमतं, त्यामुळे आत्ता कुणालाही पुन्हा पॉलिश करू देऊ नका.