कोकणातल्या साध्या कॉलेजात फळमाशीवर चयापचयाचा एमएस्सी प्रकल्प होतो का, की रेणूंच्या परस्परक्रिया वगैरे मोठ्या प्रयोगशाळांनीच बघायच्या?

होतो. मी केलाय, रत्नागिरीत. शेवटी गाइडकडून ‘तुझ्या हाताला गुण नाही’ एवढं प्रशस्तिपत्रक मिळालं. तुमचा प्रश्न वाचला आणि ते पुन्हा ठसठसलं.

आधी एक सांगते, घरी ‘फळमाश्या पाळतेय’ असं म्हणू नका. आंबेवाल्यांची फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा. ती धडधाकट फळाला टोचून आत अंडी घालते. तिच्यापायीच 2014 साली युरोपीय संघानं आपला आंबा बंद केला होता, आणि तिच्यासाठीच बाबा बागेत दापोलीच्या विद्यापीठाचे रक्षक सापळे टांगतात. आपली ड्रोसोफिला म्हणजे काजूची बोंडं आंबली की त्यावर घोंगावणारी चिलटं. हे बाबांना समजावण्यात दोन रविवार गेले, तरी बाटली काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

माझा प्रकल्प साखरेचा. मक्याचं पीठ, यीस्ट आणि घट्टपणासाठी अगर-अगर असं नेहमीचंच खाद्य, फक्त एका गटाला लिटरमागे साधारण 50 ग्रॅम साखर आणि दुसऱ्याला जवळजवळ 340. जास्त साखरेच्या अळ्या उशिरा वाढतात, बारक्या राहतात आणि तरी अंगात चरबी साठवतात. चरबी मोजायला महागडं यंत्र नव्हतं. अळ्या साखरेच्या पाण्यात सोडायच्या आणि घट्ट पाक थोडा थोडा घालत जायचं. चरबीवाल्या आधी वर येतात. काचेच्या पेल्यात तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी तळ सोडून तिरकी तिरकी वर आली तेव्हा मी एकटीच हसले होते. गाइड म्हणाले, ‘हा काय पोरखेळ? दर्या समोर असताना मासळीवर काम करायचं सोडून चिलटं कसली?’

सर, त्याच चिलटांच्या मेंदूतल्या मूठभर पेशी इन्सुलिनसारखी प्रथिनं सोडतात. त्या पेशी मारल्या की अळीच्या रक्तातली साखर चढते, हे 2002 मध्येच छापून आलंय. आपलं यकृत आणि चरबी मिळून जे करतात, त्यातलं बरंचसं माशीत मेदपिंड हा चरबीचा अवयव एकटा करतो. एवढं सगळं दहा दिवसांत पिढी बदलणाऱ्या प्राण्यात बघायला मिळतं. बांगड्यात दाखवा बघू.

मग मे उजाडला. वरच्या मजल्यावरची खोली, तापलेला स्लॅब, दुपारी वीज गायब. बाटल्यांत माश्या जिवंत, माद्या अंडी घालतायत, पण अळी एक नाही. तीन आठवडे हेच. गाइडनी सगळ्यांसमोर ते हाताच्या गुणाचं वाक्य टाकलं आणि अहवालात ‘प्रयोगशाळेची शिस्त नाही’ असा शेरा मारला. नंतर वाचताना कळलं की तिशीच्या आसपास तापमान राहिलं की ड्रोसोफिलाचे नर नापीक होतात. माशी मरत नाही, म्हणून बघणाऱ्याला संशयही येत नाही.

मी मिरकरवाडा बंदरावरून थर्माकोलची मासळीची पेटी आणली, घरच्या फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या आत ठेवल्या, सकाळ-संध्याकाळ बदलल्या. आत 23 ते 26 अंश. उरलेल्या माश्या त्यात ठेवल्या, आणि दोनेक आठवड्यांनी खाद्यात अळ्यांची वळवळ सुरू झाली. सगळ्या खोलीला बांगड्याचा वास, पण अळ्या होत्या. शेरा तोवर पुढे गेला होता.

रेणूंच्या परस्परक्रियांचं म्हणाल तर तिथेही माशीचा डोळा कामाला येतो. एक जनुक अर्धवट बिघडवून डोळा खरखरीत झालेली माशी घ्यायची आणि दुसऱ्या जनुकाची एक प्रत कमी करायची. डोळा आणखी बिघडला किंवा सुधारला, तर ती दोन्ही जनुकं बहुधा एकाच कामाच्या साखळीतली. 1991 मध्ये जेरल्ड रुबिन यांच्या गटानं असंच रास प्रथिनाला डोळ्याच्या घडणीशी जोडलं, आणि रास माणसाच्या कर्करोगातही नडतं. मात्र यावरून दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात हे सिद्ध होत नाही. त्याला जैवरसायनाची प्रयोगशाळा लागते, ती आपल्या कॉलेजांत नाही. तेवढ्यापुरतं मुंबई-पुण्याला कुणाच्या तरी दारात उभं राहा. माश्यांचा पक्का वंशही तिथूनच मागा. बोंडांवरची चिलटं पकडून आणलीत तर प्रजाती ओळखण्यातच महिना जाईल.

जूनमध्ये बुरशी येईल, खाद्यात प्रोपिओनिक आम्ल विसरू नका. प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. गाइड ‘मासळीच घे’ म्हणाले तर आधी त्यांच्याकडे इन्क्युबेटर, म्हणजे तापमान स्थिर ठेवणारं कपाट, मागा.

आणि हो, खरं ते सांगते. त्या तीन आठवड्यांत खोलीचं तापमान मी एकदाही लिहून ठेवलं नव्हतं. थर्मामीटर भिंतीवर होता. म्हणून सरांपुढे ठेवायला माझ्याकडे आकडा नव्हता, नुसती पेटी होती, आणि तिला वास येत होता.