पीएचडीला प्रवेश हवाय? आधी गाईडची जन्मतारीख विचारा

प्रश्न असा आहे की एम.ए. भूगोल 54 टक्के, वय 38, ज्युनियर कॉलेजला शिक्षक, तर पीएचडीला प्रवेश मिळेल का, काय काय लागतं आणि नोकरी करून किती वर्षांत होते.

भूगोल, ज्युनियर कॉलेज आणि नोकरी करून पीएचडी. माझीच जन्मपत्रिका कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. मला सात वर्षं दोन महिने लागले. त्यातली निदान दोन वर्षं वाया गेली ती एका चुकीमुळे, आणि ती चूक तुमच्या प्रश्नात कुठेच नाहीये म्हणून जास्त काळजी वाटते.

आधी 54 टक्क्यांचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमाप्रमाणे मास्टर्सला 55 लागतात. एससी, एसटी, नॉन क्रिमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना 5 टक्क्यांची सूट आहे म्हणजे 50 ला चालतं. तुम्ही कॅटेगरी लिहिलेली नाही. ओपनमध्ये असाल तर 54 म्हणजे 54, तिथे कुणी मायेने एक टक्का वाढवून देत नाही, मग युनिव्हर्सिटीत श्रेणीसुधारची परीक्षा आहे का ते बघा नाहीतर दुसरं एम.ए. करा. वयाची अट पीएचडीला नाही. जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला आहे, तिथे 30 आणि सूट धरून 35, त्यामुळे महिना 37 हजाराची ती फेलोशिप डोक्यातून काढून टाका, तसाही पगार चालू असताना तिचा विषयच येत नाही.

एंट्रन्सचं म्हणाल तर 2024 पासून नेटचा (प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) स्कोअर थेट पीएचडी प्रवेशाला चालतो. आता नेटच्या निकालात तीन गट असतात, त्यातला एक तर फक्त पीएचडी प्रवेशासाठीच आहे. स्कोअरला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन, पण जेआरएफ न मिळालेल्यांचा स्कोअर एकच वर्ष चालतो हे बरेच जण विसरतात. आपल्याकडच्या काही युनिव्हर्सिट्या पेट, म्हणजे स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षा घेतात. त्यात अर्धा पेपर रिसर्च मेथडॉलॉजीचा आणि अर्धा विषयाचा. तो काही फार अवघड नसतो, मी पहिल्या झटक्यात पास झाले होते.

अवघड पुढे असतं. पेट पास झालेली माणसं ढिगाने आहेत, गाईडकडे (संशोधनाच्या मार्गदर्शकाकडे) जागा नाही. प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चार विद्यार्थी, त्याच्या वर घेताच येत नाहीत. त्यामुळे यादी लागली की सगळे जागा रिकाम्या असलेल्या गाईडच्या मागे धावतात. मीही धावले.

2017 मध्ये माझ्यासमोर दोन जण होते. एक मोठे सर. त्यांचं नाव क्रमिक पुस्तकांवर, दर सेमिनारला उद्घाटनाला तेच, पुष्पगुच्छ स्वीकारतानाचे फोटो डिपार्टमेंटच्या भिंतीवर. दुसरे नुकतीच गाईडशिप मिळालेले असिस्टंट प्रोफेसर, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि गंमत म्हणजे माझ्याच एम.ए.च्या नोट्स झेरॉक्स करून नेट पास झालेले. मला खरं तर या दुसऱ्या सरांकडेच जायचं होतं, कारण माझा विषय विहिरींचा आणि हा माणूस विहिरीवर माझ्याबरोबर येईल असं वाटत होतं. पण आमच्या घरी चर्चा झाली. चर्चा म्हणजे हे बोलले आणि मी ऐकलं. यांचं म्हणणं असं की उद्या व्हायवाला (शेवटच्या तोंडी परीक्षेला) जे एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक येणार ते मोठ्या सरांच्याच ओळखीतले असणार, नाव बघूनच निम्मं काम होतं, आणि पोराएवढ्या माणसाला सर म्हणणार का तू. शेवटचं मला लागलं. मी मोठ्या सरांकडे नाव नोंदवलं.

तेव्हा सरांचं वय 58 होतं. रिटायर होतात साठाव्या वर्षी. हे साधं गणित ना मी केलं ना यांनी, आणि हे बँकेत आहेत, दिवसभर आकडेच बघतात.

विषय असा होता, दुष्काळी पट्ट्यातल्या तीन गावांमधल्या 42 विहिरी, दरवर्षी मे महिन्यात आणि दिवाळीनंतर पाण्याची पातळी मोजायची. मशीन वगैरे काही नाही, तीस मीटरचा टेप आणि त्याच्या टोकाला एक जुनं कुलूप बांधलेलं. ते खाली सोडत जायचं, पाण्याला लागलं की डुबुक असा बारीक आवाज येतो, तिथे टेप धरायचा आणि काठाची उंची वजा करायची. कुलूप कोरड्या दगडावर आपटलं तर वेगळाच आवाज येतो, मे महिन्यात तोच जास्त ऐकला. शेतकरी शेजारी उभे राहून विचारायचे, बाई, आमच्या हिरीला पाणी लागंल का तेवढं सांगा. मी सांगायचे की मी फक्त मोजते. मग ते म्हणायचे, मोजून काय उपेग.

कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे सक्तीचे पेपर झाले (किमान 12 क्रेडिट आणि पास व्हायला 55 टक्के, त्यात एक पेपर संशोधनाच्या नीतिमत्तेचा, त्याचे तास सुट्टीत लावून घ्या), जुलै 2018 मध्ये मी पहिली दोन प्रकरणं प्रिंट काढून सरांना दिली. दर महिन्याला फोन करायचे. बघतो म्हणायचे. दर सहा महिन्यांनी कमिटीपुढे प्रेझेंटेशन असतं, तिथेही सर म्हणाले काम समाधानकारक आहे. 31 मे 2019 ला सर रिटायर झाले, निरोप समारंभाला मी पण होते, मोठा हार घातला आणि पुढच्या महिन्यात ते मुलाकडे परदेशी गेले.

फाईल त्यांच्या केबिनमध्ये राहिली होती. शिपायाने कपाटातून काढून दिली. मी दिली होती तशीच, तोच रबर बँड. पान 34 माझ्याकडून चुकून उलटं लागलं होतं. ते अजून उलटंच होतं.

त्या दिवशी मी एसटी स्टँडवर बसून रडले, खोटं का बोलू. घरी आल्यावर हे म्हणाले, अगं होतं असं कधीकधी. मी दोन दिवस बोलले नाही.

मग परत गाईड शोधा. लहान सरांकडे गेले तर त्यांच्या चारही जागा भरलेल्या. नऊ महिने मी बिनगाईडची होते, कुठल्या फॉर्मवर कुणाची सही घ्यायची तेही कळेना. एका विद्यार्थ्याने नोंदणी रद्द केली तेव्हा जागा झाली आणि गाईड बदलाचं पत्र हातात पडलं फेब्रुवारी 2020 मध्ये. पुढच्या महिन्यात लॉकडाऊन.

पण लहान सरांनी (अजूनही मी त्यांना सर म्हणते आणि ते मला मॅडम म्हणतात, काही बिघडलं नाही) आठ दिवसांत दोन्ही प्रकरणं वाचून, लाल पेनाने रंगवून, स्कॅन करून पाठवली. पहिली खूण शीर्षकावरच. शेवटी 'एक भौगोलिक अभ्यास' होतं ना. त्याच्यापुढे लिहिलेलं, हे काढा, भूगोल विभागात दुसरा कुठला अभ्यास होणार? ते तीन शब्द काढायला अर्ज, फी, गाईडची सही, रिसर्च सेंटरची सही आणि आरआरसीची (युनिव्हर्सिटीच्या संशोधन समितीची) मीटिंग असे चार महिने गेले. म्हणून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) देतानाच शीर्षक आखूड ठेवा.

लॉकडाऊनमुळे मे 2020 ची मोजणी झाली नाही. एका ओळखीच्याने सांगितलं, मागच्या दोन वर्षांची सरासरी टाक, कोण बघतंय. सर म्हणाले रकाना रिकामा ठेवा आणि खाली कारण लिहा. सप्टेंबर 2024 ला व्हायवा झाली. ती सगळ्यांना खुली असते, त्यामुळे हेही मागच्या रांगेत येऊन बसले होते. एक्स्टर्नल मोठ्या सरांच्या ओळखीतले वगैरे कुणी नव्हते. त्यांनी थेट तक्ताच उघडला आणि विचारलं, हा रकाना रिकामा का, भरता आला असता की. मी म्हटलं, मोजलं नाही म्हणून भरला नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढे मग अर्धा तास विहिरींवरच बोलत बसलो. निम्मं काम कुठल्या नावाने झालं ते यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, पण कबूल अजून केलेलं नाही. अहो, वाचत असाल तर आता करा.

आता नियम बदललाय. ज्यांच्या नोकरीची तीन वर्षंसुद्धा उरलेली नाहीत त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. पण तीन वर्षांत तुमची पीएचडी होणार आहे का? किमान मुदतच तीन वर्षं आहे आणि त्यात नोकरी करून कुणी पूर्ण केलेली मी तरी पाहिली नाही. कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, बायकांना आणि 40 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल त्यांना त्यावर आणखी दोन. त्यामुळे ज्यांच्या रिटायरमेंटला आठ-दहा वर्षं आहेत असाच गाईड बघा. नाव, फोटो, पुष्पगुच्छ नंतर. आणि त्यांच्या हाताखाली झालेल्यांना गाठून एकच विचारा, प्रकरण दिल्यावर किती दिवसांत परत आलं.

पेपर छापायची सक्ती यूजीसीने 2022 मध्ये काढली, माझ्या वेळी एक पेपर आणि दोन कॉन्फरन्स होत्या. तुमच्या युनिव्हर्सिटीने स्वतःची अट ठेवली असेल तर ती पाळावी लागेल, पण तीन दिवसांत छापतो, अमुक रुपये भरा असा मेसेज आला की ब्लॉक करा. प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाची उसनवारी 10 टक्क्यांच्या आत पाहिजे, ती सॉफ्टवेअरवर तपासतात.

आणि कशासाठी करताय हेही लिहिलेलं नाही तुम्ही. सीनियर कॉलेजला जायचं असेल तर जुलै 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट किंवा सेट (तशीच राज्याची परीक्षा) पुरेशी आहे, पीएचडी सक्तीची नाही. मग आधी सेट द्या, तिलाही वयाची अट नाही. ज्युनियर कॉलेजला मला पीएचडीने पगारात एक रुपयाचा फरक पडलेला नाही. नावापुढे डॉक्टर लागलं, त्यामुळे सोसायटीतल्या एक आजी बीपीच्या गोळ्या दाखवायला येतात.

हे सगळं मराठी माध्यमातून, फिल्डवर्क असलेल्या विषयाचं झालं. सायन्सवाल्यांचं लॅबमुळे वेगळं असतं, नोकरी करून त्यांना जमतं का ते त्यांनाच विचारा. मोठे सर सगळेच तसे असतात असंही नाही, माझ्या मैत्रिणीचे गाईड रिटायर झाल्यावरही को-गाईड राहिले आणि शेवटचं प्रकरण त्यांनी हॉस्पिटलमध्ये झोपून तपासलं. पण तशी माणसं विरळा.

अजून एक राहिलं. पार्टटाइम असल्यामुळे संस्थेची एनओसी (ना हरकत पत्र) लागेल, त्यात संशोधनाला पुरेसा वेळ देऊ आणि गरज पडली तर कोर्सवर्कला सोडू असं स्पष्ट लिहून घ्या आणि त्यावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का ते तिथेच उभं राहून बघा. माझ्या पहिल्या एनओसीवर तारीख नव्हती, ती आणायला मला अर्धी सीएल टाकावी लागली.